धर्मसिंगच्या अंगावरची जागा

मी जाकीट बोलतोय. साधंसुधं नाही बरं का. डोंगरातल्या थंडीत शिकारीला जाणाऱ्या माणसानं घालायचं जाकीट. आत्ता बघाल तर वाटायचं नाही, पण आहे.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मागून कुणी म्हणायला नको. मी जळतो. धर्मसिंगच्या अंगाला जे जे लागतं त्या सगळ्यावर जळतो. त्याच्या गळ्यातल्या टॉवेलवर जळतो, बंदुकीच्या पट्ट्यावर जळतो, सकाळी उन्हात त्याच्या पाठीला पाठ लावून बसणाऱ्या शेळीवरसुद्धा जळतो. पण सगळ्यात जास्त जळतो तो भोपळ्यावर. हा भोपळ्या कोण, ते येईलच पुढं. आधी माझं ऐका.

माझा जन्म फार लांबच्या, बर्फाच्या मुलखात झाला. माझ्या पोटात बदकाची पिसं भरली. ती एका जागी गोळा होऊ नयेत म्हणून आडव्या शिवणी मारून कप्पे केले. वरचं कापड मऊ, वाळल्या गवताच्या रंगाचं. दुकानात मला एका लांब दांडीवर टांगलं, आणि तिथं माझ्यासारखे पुष्कळ होते. तेव्हापासूनच मला ही खोड आहे. शेजारच्याला कुणी हात लावला की माझ्या शिवणी ताणायच्या.

एक दिवस एक म्हातारा शिकारी आला. त्यानं सगळ्यांना घालून बघितलं, पण आरशात एकदाही पाहिलं नाही. दोन्ही हात पुढं करून, खांद्याला बंदूक लावल्यासारखं करून तो उभा राहायचा. काखेत ओढतं का ते बघायचा. मग बाही कानाजवळ नेऊन दुसऱ्या बाहीवर घासायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. जे वाजलं ते परत दांडीवर. मी वाजलो नाही. म्हातारा हसला आणि मला घालूनच दुकानाबाहेर पडला. त्या दिवशी मला कळलं, की निवडलं जाणं म्हणजे काय असतं ते.

पुष्कळ हिवाळे आम्ही दोघं डोंगर चढलो. मग एका सणाला त्याच्या पोरानं त्याला नवीन जाकीट आणून दिलं. म्हाताऱ्यानं तेही कानाजवळ घासून बघितलं, आणि तेही वाजलं नाही. झालं. मला जुन्या कपड्यांच्या पिशवीत घातलं. पिशवीतून गठ्ठ्यात, गठ्ठ्यातून जहाजात, जहाजातून ट्रकमध्ये. ट्रक कुठं कुठं रिकामा होत होत मी शेवटी येऊन पडलो तो हिंगोलीकडच्या जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात, ताडपत्रीवर, स्वेटर आणि मफलरींच्या ढिगात.

"घ्या, घ्या, कोणतंबी उचला!" असं विकणारा ओरडायचा. कोणतंबी! मी म्हणजे कोणतंबी?

लोक मला उचलायचे, झटकायचे, "लई जाड हाय बा, हितं काहून लागतंय एवढं," म्हणून परत टाकायचे. एकानं तर मला खाली अंथरून वर बसून चहा घेतला.

आणि मग धर्मसिंग आला.

धर्मसिंग राठोड. जवळा बाजारपासून थोड्या अंतरावरच्या तांड्यावरचा शेतकरी. कापूस, सोयाबीन आणि बांधाकडेला थोडी हळद. घरात बापाच्या वेळेपासूनची परवान्याची बंदूक. रानडुकरांनी पिकाचा फारच नास केला की फॉरेस्टवाले रीतसर परवानगी देऊन त्यालाच बोलावतात, कारण त्याचा नेम चुकत नाही आणि उगाच एकही गोळी तो उडवत नाही.

त्यानं मला ढिगातून ओढलं. अंगात घातलं. दोन्ही हात पुढं केले, खांद्याला बंदूक लावल्यासारखे. मग बाही कानाजवळ नेली आणि घासली.

आता सांगा, माझं काय झालं असेल? सात समुद्रापलीकडचा म्हातारा आणि तांड्यावरचा हा माणूस, आणि दोघांचा हात बराबर तसाच! मी त्या क्षणी ठरवून टाकलं की आता हा माणूस माझा आणि मी त्याचा.

पण घरात जिवनबाई होती.

जिवनबाई म्हणजे धर्मसिंगची बायको. बोलायला फटकळ, कामाला वाघ. घरात ते आपल्या गोरमाटीत बोलतात, मी तुम्हाला मराठीत सांगतोय. तिनं पहिल्याच दिवशी माझे खिसे उलटे करून बघितले. आतल्या खिशातून केसाची एक पिन निघाली आणि पिनेला अडकलेला लांब, पिवळा केस.

"ही कोणाची?"

"ढिगातलं हाय गं. असंल कोणाची तरी."

"कोणाची तरी म्हंजे? आपल्या घरात कोणाची तरी कशाला पायजे?"

ती पिन म्हाताऱ्याच्या छोट्या नातीची होती. डोंगरावरून उतरताना तिनं त्याच्याकडे सांभाळायला दिली होती. पण मला कोण विचारतो? जिवनबाईनं पिन चुलीत टाकली आणि मला काठीच्या टोकानं उचलून दाराआड टाकलं. त्या दिवसापासून ती मला हातानं शिवली नाही. धर्मसिंगच्या बनियनला ती निळीचं पाणी द्यायची, टॉवेलची घडी घालायची, आणि मला काठी!

तरी माझं बरं चाललं होतं. जानेवारीतल्या पहाटे धर्मसिंग मला घालून शेताच्या बांधावर बसायचा. डुकरं यायची, मी श्वास धरून बसायचो. त्याचा खांदा माझ्यात, बंदुकीचा दस्ता माझ्यावर. बंदुकीवर जळायचो, पण तेवढं चालायचंच.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी एक फोन आला, आणि सगळं बिघडलं.

हिमालयातल्या एका खोऱ्यात बिबट्या माणसं धरत होता. तिथल्या वनखात्याला बाहेरून परवान्याचे बंदूकवाले पाहिजे होते, आणि इकडच्या एका साहेबानं धर्मसिंगचं नाव सांगितलं. धर्मसिंगनं हो म्हटलं. मी तर आनंदानं खुंटीवरून पडायच्या बेतात. डोंगर! बर्फ! माझ्या मुलखासारखा मुलूख!

"बिबट्याचं भ्याव न्हाई मला," जिवनबाई म्हणाली. "थंडीचं हाय. तुमी हितं सक्काळच्याला तोंड धुताना कुडकुडून राहता. तिथं बर्फात काय करसाल?"

"हे हाय की जाकीट."

"ते?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की बोलूच नका.

त्यांची पोरगी संगिता नांदेडला नर्सिंग शिकते. तिनं फोनवर सगळं ऐकलं आणि फोनवरूनच एक नवीन जाकीट मागवलं. थोड्याच दिवसांत ते पुड्यातून बाहेर आलं. पिकल्या भोपळ्याच्या रंगाचं, फुगलेलं, बाह्यांवर चकाकणाऱ्या पट्ट्या. हाच तो भोपळ्या.

अख्खा तांडा बघायला आला. जो तो त्याला हात लावून बघत होता. "किती हलकं हाय बगा! आन् पाणी पडलं तर घरंगळून जातंया!" कुणी त्याच्यावर खरंच तांब्यानं पाणी ओतून बघितलं. आणि जिवनबाई? जिवनबाईनं त्याला हात लावायच्या आधी हात धुतले! मला काठी, आणि ह्याला धुतलेले हात. माझ्या आतलं पीस न् पीस जळालं.

धर्मसिंगनं ते घातलं, हात पुढं केले, बाही कानाशी घासली. खसाखसा, खसाखसा. अहाहा, काय गोड आवाज तो! मला वाटलं, चला, मिटलं. वाजतं म्हणजे बाद.

"ह्याचा लई आवाज हाय," धर्मसिंग म्हणाला. "आन् बंदुकीचा दस्ता खांद्यावरून निसटून राहिलाय. जुनंच बरं."

"मंग जुनं निदान धुऊन तरी देते," जिवनबाई म्हणाली. "परमुलखात जाताना असं वास मारतं घालून जासाल का?"

आता ऐका, माझं काय केलं ते. गरम पाणी, वर धुण्याचा सोडा. त्यात मला बुडवलं, हौदाजवळच्या दगडावर टाकलं, आणि धोपाटण्यानं हाणलं. त्या पिनेचा राग एवढे दिवस तिनं जपून ठेवला होता, तो सगळा त्या दिवशी निघाला. मग दोन्हीकडून धरून पिळलं आणि कडक उन्हात तारेवर टाकलं. अहो, पिसांच्या जाकिटाला असं धुतात का? पण तिला कुणी सांगितलं होतं? तिच्या घरात धुणं म्हणजे हेच. माझी पिसं ओल्यानं एकमेकांना चिकटली, कप्प्याकप्प्यात त्यांच्या गोळ्या झाल्या. वाळलो तेव्हा कोपऱ्यांत ढेकळं आणि मधे नुसतं कापड.

तरीही माझी आशा सुटली नव्हती. पण संगितानं फोनवर हट्टच धरला. "बा, नीट बघून घ्या आधी. तिथं गेल्यावर काय करसाल?"

आता हिंगोली जिल्ह्यात थंडीचं जाकीट बघायचं कसं? इथं दुपारी तर हिवाळ्यातही घाम येतो. धर्मसिंगनं डोकं लढवलं. वसमतला त्याचा शाळेतला दोस्त रत्नपाल, त्याची बर्फाची फॅक्टरी. हिवाळ्यात बर्फाला गिऱ्हाईक कमी, तरी मासळीवाल्यांसाठी थोड्या लाद्या पडत होत्या. जिवनबाई, धर्मसिंग आणि आम्ही दोघं एकाच पिशवीत, असे बसनं वसमतला गेलो. भोपळ्याला वर ठेवला होता. मी खाली.

"मित्रा, तुझ्या खोलीत जरा बसून राहतो," धर्मसिंग म्हणाला.

रत्नपाल पोट धरून हसला. "लोक बर्फ न्यायला येतात, तू बर्फात बसाया आलास व्हय?" पण त्यानं लाद्यांच्या खोलीत एक स्टूल टाकून दिलं.

आधी भोपळ्याची पाळी. धर्मसिंग आत बसला, निवांत. बाहेर आला तेव्हा कपाळाला बारीक घाम. मग माझी पाळी. मी जेवढं जमेल तेवढं अंग फुगवलं, खरंच सांगतो. पण मधे पिसंच नव्हती तर काय फुगवणार? पाठीच्या पट्टीतून गारठा सरळ आत. धर्मसिंग दात वाजवत बाहेर आला.

"बघितलं?" जिवनबाई म्हणाली.

माझी छाती फाटली. हरलो त्याचं एवढं वाईट वाटलं नाही, पण ज्या बाईनं धोपाटण्यानं माझा जीव काढला, तीच म्हणाली, बघितलं!

धर्मसिंग मात्र मला हातात घेऊन उभा राहिला. कुस्करून बघितलं. "ह्याची गादी बसली हाय नुसती. आपल्या गादीवाले चाचांना दावू. रजईची बसलेली गादी ते उठवतात, मंग ह्याची न्हाई का उठणार?"

गादीवाले चाचा वसमतच्या बाजारात पिंजणाचं मशीन घेऊन बसतात. त्यांनी माझी शिवण उसवली, हात घातला, आणि मूठभर पिसं बाहेर काढली. वारा होता. पिसं उडाली. समोरच्या हळदीच्या पोत्यांवर, हॉटेलच्या कढईजवळ, जिवनबाईच्या डोक्यावर.

"या अल्ला! ह्यात रुई कुठाय? ही तर कोंबडीची पखं हाएत! कुण्या चोट्ट्यानं फसवलं तुम्हाला?"

"पिसं?" धर्मसिंगही चकित झाला. "आन् आमी समजलो कापूस हाय."

"निकाल के फेको. चांगली रुई भरा. ही काय चीज हाय अंगात घालायची?"

मी मनात ओरडत होतो, अरे बाबांनो, ही बदकाची आहेत! हीच माझी ऊब आहे! पण वसमतमध्ये, जिथं गादी म्हटली की कापूसच, तिथं पिसांची बाजू कोण घेणार? माझं पोट रिकामं केलं. माझी पिसं झाडूनं गोळा करून उकिरड्यावर गेली.

आणि मग जिवनबाई म्हणाली, "कापूस इकत कशाला? घरचा हाय की."

घरचा कापूस, तिनं स्वतःच्या हातानं वेचलेला. जिनिंगमधून त्याची सरकी काढून आणली, चाचांनी पिंजला, आणि कप्पे भरले. पण शिवणी घालायला तिनं चाचांना दिल्या नाहीत. "ते मी घालते." घरी नेऊन, उन्हात बसून, मला मांडीवर घेऊन, एकेक टाका. जी बाई मला काठीनं उचलायची, तिच्या मांडीवर मी! मधेच ती थांबायची, टाक्यावरून अंगठा फिरवायची, आणि परत सुई घालायची. तिची बोटं कापसाच्या बोंडांनी ओरखडलेली होती. मी काय सांगू तुम्हाला. भोपळ्या पुड्यात पडून होता, आणि मी मांडीवर.

परत वसमत, परत रत्नपालची फॅक्टरी. ह्या वेळेस धर्मसिंग माझ्यात बसला आणि उठायचं नावच घेईना. शेवटी रत्नपालनंच दार वाजवलं, "जिता हाईस ना रे?" धर्मसिंग लालबुंद होऊन बाहेर आला. "भट्टी हाय भट्टी!"

मी जिंकलो होतो. पण त्याच परतीच्या बसमध्ये मला म्हाताऱ्याचं बोलणं आठवलं. एकदा त्याचा एक सोबती कापसाचं जाकीट घालून डोंगरात आला होता, तेव्हा म्हाताऱ्यानं त्याला वाटेतूनच परत पाठवला. म्हणाला, कापूस कोरडा आहे तोवर मित्र. चढताना घाम येणार, वरून बर्फ पडणार, कापूस ते सगळं पिणार आणि सोडणार नाही. मग तो तुझ्याच अंगातली ऊब ओढून घेईल, आणि तुला कळणारही नाही.

बर्फाच्या फॅक्टरीत स्टुलावर बसून घाम येत नाही. वरून बर्फ पडत नाही. तिथं मी भट्टीच होतो.

मला हे माहीत होतं. माझं बोलणं त्या दोघांना ऐकू येत नाही हे खरंच. पण खरं विचाराल तर, ऐकू आलं असतं तरी त्या दिवशी मी बोललो असतो की नाही, देव जाणे. जिंकलो होतो ना मी.

निघायच्या दिवशी संगिता नांदेडच्या स्टेशनवर आली. धर्मसिंगनं मलाच घातलं होतं, तिथल्या उकाड्यात, हौसेनं. संगितानं त्याची पिशवी उचकली. "बा, नवीन कुठाय?"

"घरी ठिवलंय. दोन कशाला?"

"मला वाटलंच होतं." पोरीनं याडीला, म्हणजे आईला, फोन करून, सकाळच्या बसच्या कंडक्टरच्या हातून भोपळ्याला नांदेडला मागवून घेतलं होतं! तिनं त्याला दाबून दाबून पिशवीत कोंबलं. "वापरू नका. पण राहू द्या." धर्मसिंग कुरकुरला, पण पोरीपुढं त्याचं काही चालत नाही. सगळ्या प्रवासात भोपळ्या पिशवीत माझ्या पाठीला टेकून होता, आणि मी धर्मसिंगच्या अंगावर. मी त्याला मनातल्या मनात टोमणे मारत होतो. पिशवीतून दिसतंय का रे काही?

त्या खोऱ्यात धर्मसिंगच्या सोबतीला वनरक्षक रीता होती. तिथलीच पोर, बोलायला थोडी, चालायला वारा. पहाटे आम्ही चढायला लागलो. वाट उभी. धर्मसिंग आपल्या सपाट रानातला माणूस, धापा टाकत चढत होता, आणि घामानं भिजत होता. तो घाम मी प्यायलो. मला थांबवताच येत नव्हतं. कापूसच तो.

वर एका मोठ्या दगडाआड दोघं बसली. समोरच्या ओढ्यात बिबट्यानं मारलेली बकरी पडली होती, तो परत येईल म्हणून. हलायचं नाही, बोलायचं नाही. मी वाजत नव्हतो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी जागा ही, आणि मी तिथं होतो.

मग आभाळ खाली आलं. आधी बारीक पाणी, मग बर्फ. माझं वरचं कापड सोड्यानं धुतल्यापासून पाणी अडवत नव्हतं. सगळं आत. मी जड झालो, गार झालो. धर्मसिंग थरथरायला लागला. बंदुकीची नळी दगडावर टकटक वाजू लागली. मी त्याला घट्ट धरत होतो, आणि जेवढं घट्ट धरत होतो तेवढी त्याची ऊब माझ्यात येत होती, आणि कुठंच जात नव्हती. ऊब द्यायला जन्मलेला मी, माझ्याच माणसाची ऊब पिऊन राहिलो होतो.

थोड्या वेळानं त्याची थरथर थांबली. मला वाटलं, बरं झालं. बरं काय डोंबल! गारठा फार आत गेला की थरथर थांबते आणि माणसाला उलटं उकडायला लागतं. तो हळू आवाजात म्हणाला, "गरमी होऊ राहिली," आणि माझी चेन खाली ओढायला लागला. डोळे मिटत होते.

रीतानं वळून बघितलं. तिनं माझ्यावर हात दाबला, आणि तिच्या बोटांतून पाणी निथळलं.

"ये क्या पहना है? कपास? उतारो! उतारो अभी!"

"बायकोनं शिवलंय," धर्मसिंग पुटपुटला. जीभ जड झाली होती. "राहू दे."

ती ऐकणारी नव्हती. तिनं मला त्याच्या अंगावरून सालीसारखं सोलून काढलं आणि बर्फात भिरकावलं. आतला ओला सदरा काढला, आपली लोकरीची शाल त्याच्या छातीला गुंडाळली. मग पिशवी उपडी केली. आणि त्यातून काय पडलं? भोपळ्या.

मी बर्फात तोंडावर पडलो होतो, पण एक बाही वळली होती तिकडं. मला सगळं दिसत होतं. तिनं भोपळ्या त्याच्या अंगात चढवला, चेन गळ्यापर्यंत ओढली, टोपी डोक्यावर ओढली. बर्फ त्याच्यावरून घरंगळून जात होता, जसं तांड्यावर तांब्याचं पाणी गेलं होतं तसा. माझ्या जागेवर तो. माझ्या डोळ्यांसमोर. आणि मी काय म्हणत होतो सांगू? म्हणत होतो, धर रे. घट्ट धर. सोडू नको माझ्या माणसाला. आणि त्याच दमात म्हणत होतो, जळो तुझं तोंड.

पुष्कळ वेळानं धर्मसिंग परत थरथरायला लागला. रीतानं सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात तिच्या वायरलेसवर खालून निरोप आला, बिबट्या खालच्या वाडीतल्या पिंजऱ्यात सापडला. गोळी उडवायचं कामच पडलं नाही.

निघताना रीता मला तिथंच सोडणार होती. धर्मसिंग धड उभा राहू शकत नव्हता, तरी म्हणाला, "वो ले लो. घर का है." मी फळीसारखा कडक झालो होतो. तसाच पिशवीला बांधून मला खाली आणलं.

आता खरी गोष्ट ऐका.

घरी आलो तेव्हा जिवनबाई दारात उभी. धर्मसिंगला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, आणि पहिलं विचारलं ते, "कापूस कामाला आला का?"

धर्मसिंग तिच्या हातांकडे बघत राहिला. त्या ओरखडलेल्या बोटांकडे. काय बोलणार बिचारा? की तुझ्या कापसानं मला मारलं असतं?

"त्याच्यापायीच आलो परत," तो म्हणाला.

ती पदर तोंडाला लावून आत गेली, आणि चुलीपाशी बसून रडली. फटकळ जिवनबाई!

मग काय विचारता माझा थाट! तिनं तांडाभर सांगितलं. बाया मला बघायला येतात. तिनं माझ्या छातीवर आपल्या जुन्या ओढणीचे आरसे आणि कवड्या लावल्या. शिकारीचं जाकीट नवरदेवासारखं नटवलं, आणि दिवाळीला मला कुंकू लावलं. ज्याच्यासाठी मी जन्मभर जळलो ते सगळं मला मिळालं. भोपळ्या डांबरगोळ्यांच्या वासात पेटीत पडला आहे. त्यानं माणूस वाचवला, आणि त्याचं नावही कुणी घेत नाही. संगितालासुद्धा धर्मसिंगनं काही सांगितलं नाही, आणि ती आता नोकरीला लांब गेली आहे.

मला सुखानं राहायला पाहिजे होतं, नाही का?

पण परवा परत फोन आला. तेच खोरं, पण आणखी वरचं. दुसरा बिबट्या. धर्मसिंग हो म्हणाला. आणि जिवनबाई लगेच घरचा कापूस घेऊन बसली. "गेल्या वेळी थोडा पातळ भरला होता. औंदा चांगला ठासून भरते." आरशांच्या मधे मधे सुई घालून ती मला जाड करते आहे. सोबत गुणगुणते.

धर्मसिंग येतो, माझ्याकडे बघतो, पेटीकडे बघतो, बायकोकडे बघतो, आणि बाहेर जाऊन बिडी पेटवतो. काल त्यानं तोंड उघडलं होतं. "ह्या बारीला ते दुसरं..." जिवनबाईचा हात सुईसकट थांबला. तिनं नुसतं वर बघितलं. तो म्हणाला, "काय न्हाई. दोरा सुटला बग तिथं." ती हसली आणि दोरा ओवला. मला माहीत आहे, तो मला घालून जाणार. तिचा जीव दुखवण्यापेक्षा तो मला घालून जाईल. बिबट्यापुढं उभा राहणारा माणूस, पण ह्या बाईपुढं खरं बोलायला त्याची छाती होत नाही.

आणि पिशवीत भोपळ्या कोंबणारं ह्या वेळेस कुणी नाही.

म्हणून तुमच्यासमोर तोंड उघडलं. नाहीतर मी, ज्यानं टॉवेललासुद्धा कधी जागा सोडली नाही, तो हे बोलला असता का? तुमच्यापैकी कुणाचं तांड्याकडं येणं झालं, तर जिवनबाईच्या ओट्यावर बसा. चहा देईल ती, देतेच. माझं कौतुक करा, तेवढं कराच, खोटं बोलायला लागणार नाही. आणि मग तिला सांगा, की बाई, हे जाकीट फार मोलाचं आहे, हे बर्फात नेऊ नको, ह्याला घरी ठेव. तू शिवलेलं आहे म्हणून ठेव. काहीही सांगा, पण त्याच्या अंगावर ते दुसरं चढवा.

तो भोपळ्याला घालून दारातून बाहेर पडेल, तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून लटकेन. जळेन. खसाखसा, खसाखसा आवाज वाटेनं लांब लांब जाईल, आणि मी एकेक आवाज ऐकेन. ऐकू द्या. तो परत येईल ना, ते बघा.

उद्या नका, आजच जा. पेटी खाटेखाली आहे. कुलूप नाही तिला.